रेडिओबाई आणि बेवारस रकमांची यादी

सरकारी छापखान्यात तीस वर्षं एक बाई माझ्या समोर बसून मला वाचून दाखवत होत्या. काय काय वाचलं ते आठवत बसलो तर डोकं फिरेल. कायदे, नियम, निविदा, बदल्यांचे हुकूम, रस्त्यांची रुंदी, विहिरींची खोली, नापास झालेल्यांचे परीक्षा क्रमांक. सगळं मोठ्याने, एका पट्टीत, विरामचिन्हांसकट. अख्खा छापखाना त्यांना रेडिओबाई म्हणायचा, तेही तोंडावर. बाई त्यावर रागवायच्या नाहीत. राग त्यांनी एका दुसऱ्याच माणसासाठी राखून ठेवला होता.

आमचं काम कुणाला माहीत नसतं म्हणून सांगतो. छापून आलेला कच्चा कागद, म्हणजे प्रूफ, तपासायला दोन माणसं लागतात. एकाने हाताने लिहिलेली मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळे ठेवून चुका पकडायच्या. हजेरीपटावर आमची आडनावं लागोपाठ होती, म्हणून साहेबांनी आमची जोडी लावून दिली. त्यात गुणदोष वगैरे काही पाहिलं नव्हतं. बाई वयाने माझ्याएवढ्याच, पण कामात मी सहा वर्षं आधीचा. त्यामुळे त्या मला मास्तर म्हणायच्या आणि मीही मास्तरकी गाजवायचो. स्वभावाने मी किरकिरा आहे. सिनेमाची पाटी वाचली तरी मला त्यात आधी चूक दिसते.

पहिल्याच दिवशी बाई एका पहारेकऱ्याला कामावरून काढल्याचा हुकूम वाचत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, याला तीन मुलं आहेत हो."

मी खेकसलो. "बाई, इथे अर्थ वाचायचा नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक हातातून निसटते. तुम्ही फक्त आवाज काढायचा."

हे वाक्य मी त्यांना शिकवलं. ते नीट लक्षात असू द्या, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा माझा आहे.

बाई माझं इतकं चोख शिकल्या की मलाच त्यांची धास्ती वाटायला लागली. एकदा त्यांच्या स्वतःच्या बढतीचा हुकूम आमच्याच टेबलावर तपासायला आला. बाईंनी तो स्वतःच्या नावासकट, हुद्द्यासकट, 'स्वल्पविराम' आणि 'पूर्णविराम' म्हणत शेवटपर्यंत वाचला. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "काय झालं?" थट्टा वाटेल, पण देवाशपथ असंच घडलं.

वर्षातून एकदा आमच्याकडे एक जाडजूड यादी यायची. ज्या पैशांवर कुणी हक्क सांगितलेला नाही अशा रकमांची. माणूस मेला, गाव सोडून गेला, विसरला, कारखाना बुडाला, मग त्याचे पैसे फिरत फिरत सरकारकडे येऊन पडतात. सरकार दर वर्षी त्या माणसांची नावं छापतं, म्हणजे कुणीतरी वाचेल आणि येऊन घेऊन जाईल. दोनशे पानं नुसती नावं. आम्ही त्या यादीला 'बेवारस' म्हणायचो. बेवारस आली की बाई घशासाठी खडीसाखरेची पुडी आणायच्या आणि दर दोन पानांनंतर घोटभर पाणी प्यायच्या. आठ दिवस पुरायची ती यादी.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल. बाईंनी तीस वर्षांत एकदाच, चहाच्या सुट्टीत, चार वाक्यांत सांगितलं होतं. त्यांचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, चोवीस वर्षं. ते वारले त्याच वर्षी कारखान्यालाही टाळं लागलं. थोरला भाऊ वडिलांचे साठलेले पैसे आणायला गेला, रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणाला, काही मिळालं नाही. दोन महिन्यांनी त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान घेतलं.

"दुकान काय आभाळातून पडलं, मास्तर?" बाईंनी मला विचारलं. मी बशीतला चहा संपवला.

आईच्या समोर त्यांनी भावाला चोर म्हटलं आणि घर सोडलं. छापखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. आईला भेटायला जायच्या, पण भाऊ दुकानात असेल तेव्हाच, आणि अट घालून. त्याचं नाव काढायचं नाही. आईने एकदा "त्याने पाठवलेला कागद तरी बघ" म्हणायला सुरुवात केली, तर या उठून चपला घालायला लागल्या. आई गप्प बसली. लेक येत राहावी म्हणून ती पुढे गप्पच राहिली, आणि तशीच गेली. हे बाईंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं, खाली मान घालून.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर माझ्या दोन्ही डोळ्यांची, एकामागून एक, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मला वाचायचं नाही म्हणजे गवयाला गुणगुणायचं नाही असं सांगितल्यासारखं. घरात मी सगळ्यांचा जीव नकोसा केला. तेव्हा बाई रोज सकाळी यायला लागल्या. खुर्ची ओढायची, खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा आणि वर्तमानपत्र सुरू, तेही विरामचिन्हांसकट. माझी बायको आतून हसायची. मला मात्र भरून यायचं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं, आणि ही बाई बसची दोन तिकिटं काढून रोज यायची. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आता मानतो.

अशाच एका सकाळी वर्तमानपत्रात आलं की ती बेवारस रकमांची यादी आता संगणकावर आली आहे आणि सरकारी दावा कार्यालयात कुणालाही बघता येते. मला एकदम आठवलं की पहिल्या नोकरीत एका पतसंस्थेत माझे थोडे पैसे होते आणि ती संस्था नंतर बंद पडली. "चला," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही. मी वाचते."

दावा कार्यालयात खिडकीमागे एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या, उजव्या अंगठ्यावर कागद उलटायचं रबरी टोपण, चेहरा असा की आपणच काहीतरी चोरून आलो आहोत असं वाटावं. त्यांनी माझं आडनाव विचारलं, दोन बोटांनी टाइप केलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. "आडनावाच्या क्रमाने लागलंय. बघा तुमचं तुम्ही."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. तीच पट्टी, तोच वेग. मी काळा चष्मा लावून बाकावर बसलो. माझ्या हातात प्रूफ नव्हतं, लाल पेन्सिल नव्हती, पकडायला चुका नव्हत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा मी बाईंचं वाचन नुसतं ऐकत होतो.

माझं नाव आलं. रक्कम दोन चहा आणि एका बिस्किटपुड्याची. मी हसलो. पण बाई भरधाव होत्या, त्या थांबल्या नाहीत. पुढची ओळ वाचली. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, काचकारखाना, भट्टी विभाग, रक्कम, पूर्णविराम. आणि त्याच्या पुढची ओळही सुरू केली.

"थांबा," मी म्हटलं. "मागची ओळ परत वाचा."

"चूक आहे का?"

"वाचा तर."

बाईंनी पुन्हा वाचली. तशीच. मी तिसऱ्यांदा वाचायला लावली. तिसऱ्यांदाही त्यांच्या आवाजात सुताइतका फरक पडला नाही. हजेरीपटावर रोज त्यांच्या नावापुढे वडिलांचं म्हणून मी जे नाव बघत आलो होतो ते त्या तीनदा उच्चारून मोकळ्या झाल्या होत्या.

"बाई, आता वाचू नका," मी म्हटलं. "आता मी म्हणतो, तुम्ही ऐका." आणि मी ती ओळ सावकाश म्हटली, पूर्णविराम गाळून.

बाईंनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली एवढं मला चष्म्यातूनही दिसलं. मॅडमनी ती नोंद उघडली. कारखाना मोडीत निघाल्यावर, वडिलांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, ती रक्कम सरकारजमा झाली होती. तेव्हापासून दर वर्षी यादीत छापली जात होती.

"कुणी काढली नाही?" बाईंनी विचारलं.

"काढली असती तर यादीत कशी दिसली असती?" मॅडम म्हणाल्या. "हात लागलेला नाही एका पैशाला."

मी बोटांवर हिशेब केला. आमच्या टेबलावरून ती यादी तेवढ्या काळात पंचवीस वेळा गेली होती. ज्या तोंडाने बाईंनी भावाला चोर म्हटलं, त्याच तोंडाने त्या दर वर्षी तो चोर नाही हे मोठ्याने वाचत होत्या. आणि मी समोर बसून त्याच ओळीतल्या मात्रा-वेलांट्या तपासत होतो.

"म्हणजे दादाने घेतले नव्हते," बाई म्हणाल्या.

मॅडमनी कागदांची यादी एका दमात सांगितली. काय काय आणायचं, कुठून आणायचं, किती प्रती. वर स्वतःच्या हाताने लिहून दिली, आणि माथ्यावर नोंदीची ती ओळही उतरवली. सरकारी कचेरीत मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'उद्या या' म्हटलं नाही. त्या चेहऱ्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळ्या वारसांनी एकत्र यायला लागेल. दोघं आहात ना? दोघांनी माझ्यासमोर सही करायची."

जिन्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "राहू दे तिथेच. इतकी वर्षं राहिलेत, सरकारकडे सुखरूप आहेत."

माझं पित्त खवळलं. "पैशांचं कोण बोलतंय? एकतीस वर्षं एका माणसाला तुम्ही वाळीत टाकलंत. आता खरं कळलं आणि घरी जाऊन झोपणार?"

"मास्तर, त्याने दार लावून घेतलं तर?"

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी वरमलो. "अर्थाकडे लक्ष देऊ नका हे तुम्हाला मी शिकवलं," मी म्हटलं. "दार लावलं तर आपण दोघं बाहेर बसू. मी येतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकान अरुंद होतं, वर टायर टांगलेले, भिंतीवर पाने आणि पकडी आपापल्या खिळ्यांवर. एक उंच, वाकलेला म्हातारा उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवून त्याचा वाकडेपणा बघत होता. त्याने मान वर केली. बाई दारात उभ्या होत्या. चाक फिरतच होतं.

बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. जन्मभर दुसऱ्यांचं वाचलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य जुळवता येईना. शेवटी त्यांनी पिशवीतून मॅडमनी दिलेला कागद काढला आणि वाचायला लागल्या. आडनाव, स्वल्पविराम. वडिलांच्या नावाशी आवाज फुटला. तरी त्यांनी ओळ पुरी केली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. फडक्याला हात पुसले, मागच्या खोलीत गेला आणि प्लास्टिकची एक जुनी पिशवी घेऊन आला. तिच्यात दावा कार्यालयाचा एक अर्ज होता, पिवळा पडलेला. खाली तीन वारसांच्या जागा. पहिल्या जागी त्याची सही. दुसऱ्या जागी आईची, थरथरत्या हाताची, ओळीवरून खाली घसरलेली. तिसरी जागा कोरी. अर्जासोबत एक पाकीट होतं, बाईंच्या पत्त्याचं, न फोडलेलं, त्यावर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'. त्यात म्हणे अर्जाची दुसरी प्रत होती.

"पैसे सरकारकडे गेल्याचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "आईने लगेच सही केली. तुझी हवी होती."

"मी तुला चोर म्हटलं, दादा."

"म्हटलंस. खणखणीत म्हटलंस. समोरच्या घरातसुद्धा ऐकू गेलं."

"आणि हे दुकान?"

"मालक थकले होते. हप्त्याने दिलं मला. सात वर्षं फेडत होतो. सांगितलं होतं की तुला त्याच दिवशी."

"मग परत का नाही सांगितलंस?"

"एकदा सांगून पटलं नाही. चिमे, रोज रोज सांगत बसलो असतो तर मलाच मी चोर वाटलो असतो."

बाई तिथेच, तेलकट बाकड्यावर, ढसाढसा रडल्या. वहिनी आतून आल्या, काही न विचारता त्यांच्याशेजारी बसल्या आणि थोड्या वेळाने उठून चहा टाकायला गेल्या. दादा मला म्हणाला, "तुम्ही बसा ना, मास्तर." मी मास्तर आहे हे याला कसं माहीत, असं मी विचारलं. तर म्हणाला, "आई सांगायची. हिच्या कामाचं सगळं आई मला सांगायची. तिला तेवढ्याचीच बंदी नव्हती." हे ऐकून मात्र मलाच चष्मा पुसायला लागला.

पुढचा महिना कागदपत्रांत गेला. पैसे मिळाले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. रक्कम फार नव्हती. व्याजही नाही. भट्टीपुढे चोवीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाची जेवढी असेल तेवढी. मी सरकारवर आयुष्यभर चिडचिड केली आहे, सरकारचं मराठी सुधारता सुधारता माझे केस पांढरे झाले. पण या एका गोष्टीसाठी मी सरकारचा ऋणी आहे. ते पैसे कुणी गिळले नाहीत, कुठे गहाळ झाले नाहीत. ते नाव कुणीतरी दर वर्षी इमानाने छापायला पाठवत राहिलं. ते हरवलं असतं तर दादाचं खरेपणही त्याच्यासोबत गेलं असतं.

सहीच्या दिवशी आम्ही तिघं मॅडमसमोर बसलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नखांतलं काळं तेल गेलं नव्हतं. मॅडमनी नवे अर्ज भरून घेतले. जुना पिवळा अर्ज दादाने भीत भीत पुढे केला.

"हा नमुना बंद होऊन जमाना झाला," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली आईच्या सहीवर गेली. रबरी टोपणाने त्यांनी तो कागद सरळ केला आणि नव्या अर्जाच्या मागे टाचला. "नियमाने लागत नाही. पण असू दे फाइलला."

त्यांना मी तिथेच हात जोडले. त्या म्हणाल्या, "हे काय, मला काम करू द्या."

शेवटी वारसांनी एकमेकांना ओळखायचा भाग होता. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघून सांगायचं की हा माणूस तोच आहे. मॅडमनी पेन उघडलं आणि बाईंना छापील प्रश्न विचारला, "या गृहस्थांना तुम्ही किती काळापासून ओळखता?"

बाईंनी प्रश्न ऐकला. नीट ऐकला, मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो.

"एक महिना झाला," त्या म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. "अहो, सख्खा भाऊ ना तुमचा?"

"हो. पण खरं तेच लिहायचं असतं ना?"

दादा खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, तिचं ऐकू नका. तिच्या जन्मापासून लिहा. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा रस्ताभर मीच धरली होती. सात वर्षांचा होतो मी. हात भरून आले, पण खाली नाही ठेवली."

मॅडमनी पेन तसंच धरून बाईंकडे पाहिलं. "काय लिहू? सांगा. उत्तर तुमचं लागेल."

"तो सांगतोय ते लिहा," बाई म्हणाल्या. "दादा खोटं बोलत नाही."